मांजराला गोचीड चावल्यास : चाव्यापेक्षा चुकीच्या औषधाचा धोका अधिक

मांजराच्या अंगावर गोचीड आढळणे ही तशी विरळ घटना आहे. कुत्रे, गायी, म्हशी यांच्या अंगावर गोचीड डझनांनी दिसतात. मांजर मात्र जागेपणीचा बराच वेळ अंग चाटून स्वच्छ करण्यात घालवते आणि त्याच्या खरखरीत जिभेपुढे बहुतेक गोचीड टिकत नाहीत. जे टिकतात ते जीभ पोहोचत नाही अशा जागी, म्हणजे कानांच्या मागे, हनुवटीखाली किंवा मानेवर. या विरळपणाचाच एक तोटा असा, की मांजर पाळणाऱ्यांना या प्रसंगाची सवय नसते. वाटाण्याएवढा करडा, फुगीर जीव दिसला की घरात धांदल उडते आणि हात जातो तो काडेपेटीकडे, तेलाच्या बाटलीकडे किंवा कुत्र्यासाठी आणून ठेवलेल्या औषधाकडे.

यांपैकी शेवटची वस्तू सर्वांत घातक आहे. भारतात मांजराला होणारा गोचिडाचा चावा बहुतेक वेळा एका लहानशा गाठीवर निभावतो. परंतु कुत्र्याचे काही विशिष्ट औषध मांजराच्या मानेवर पडले, तर काही तासांत त्याला झटके येऊ लागतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास ते दगावू शकते. गोचीड कसा काढावा हे जितके महत्त्वाचे, तितकेच त्यानंतर काय करू नये हे जाणणेही महत्त्वाचे आहे.

गोचीड चावतो म्हणजे काय होते

गोचीड हा कीटक नाही. तो कोळी आणि विंचू यांच्या वर्गातील जीव असून पूर्ण वाढ झालेल्या गोचिडाला आठ पाय असतात. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाला मात्र सहाच. त्याच्या तोंडाशी मागे वळलेल्या सूक्ष्म काट्यांचा एक दांडा असतो. तो कातडीत रुतला की सहज निघत नाही. अनेक जातींचे गोचीड त्याभोवती सिमेंटसारखा घट्ट होणारा पदार्थही सोडतात. लाळेतील द्रव्यांमुळे चाव्याची जागा बधिर होते आणि रक्त गोठत नाही. म्हणून मांजराला चावा जाणवत नाही आणि घरच्यांनाही तो कित्येक दिवस कळत नाही. मादी गोचीड साधारणतः आठवडाभर एकाच जागी चिकटून रक्त पिते. तेवढ्या अवधीत तिचे वजन शंभर पटींच्या आसपास वाढू शकते.

गोचिडामुळे रोग पसरतो, हे १८९३ मध्ये अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी गुरांच्या एका तापाचा अभ्यास करून दाखवून दिले. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले ते त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये. डासाचे नाव सर्वतोमुखी झाले. गोचिडाकडे मात्र आजही गुराढोरांची किरकोळ पीडा म्हणूनच पाहिले जाते.

रोगजंतू असलाच तर तो चावल्याक्षणीच मांजराच्या रक्तात उतरतो असे सहसा होत नाही. पुष्कळशा जंतूंना त्यासाठी काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंतचा अवधी लागतो. म्हणून गोचीड दिसताच त्याच दिवशी काढणे हाच खरा पहिला उपचार होय. पशुवैद्यकाची वेळ परवाची मिळाली म्हणून तोवर गोचीड तसाच ठेवण्यात काहीच लाभ नाही.

काढण्यापूर्वी ती वस्तू गोचीडच आहे याची खात्री करावी. मांजराची स्तनाग्रे, चामखीळ किंवा जुनी खपली यांना गोचीड समजून चिमट्याने ओढल्याचे प्रकार पशुवैद्यकांना नवे नाहीत. स्तनाग्रे पोटावर दोन रांगांत असतात आणि ती बोक्यांनाही असतात. भिंगातून पाहिले असता कातडीलगत पाय दिसले, तर तो गोचीड. अंगावर धावणारे, उडी मारणारे बारीक तपकिरी जीव मात्र पिसवा असतात आणि मांजरांमध्ये त्याच अधिक आढळतात.

काढण्याची रीत

या कामासाठी दोन माणसे असावीत. एकाने मांजराला जाड पंचात किंवा टॉवेलमध्ये गुंडाळून केवळ आवश्यक तेवढा भाग उघडा ठेवावा आणि दुसऱ्याने गोचीड काढावा. हातात रबरी किंवा प्लॅस्टिकचे मोजे घालावेत. भुवया कोरण्यासाठी वापरतात तसा बारीक टोकाचा चिमटा पुरेसा असतो. केस बाजूला सारून गोचिडाच्या फुगलेल्या पोटाला नव्हे, तर कातडीला अगदी लागून असलेल्या त्याच्या तोंडाला चिमट्यात धरावे आणि हिसका न देता, एकसारख्या सावकाश ताणाने सरळ वर ओढावे. पोट दाबले गेल्यास आतील द्रव मांजराच्या अंगात जाण्याची भीती असते. काही दुकानांत गोचीड काढण्याची आकडी मिळते. ती कातडीलगत सरकवून हळूहळू फिरवावी लागते.

काडीचा चटका देणे, रॉकेल, तेल किंवा तूप चोळणे, चुना अथवा तंबाखूचे पाणी लावणे हे उपाय खेड्यापाड्यांत आणि शहरांतही सर्रास केले जातात. त्यांचा हेतू गोचिडाने आपण होऊन तोंड सोडावे असा असतो. प्रत्यक्षात डिवचलेला गोचीड पोटातील द्रव जखमेत ओकण्याचा संभव असतो, आणि अंगाला लागलेला प्रत्येक पदार्थ मांजर नंतर चाटणार असते. तंबाखूतील निकोटीन आणि रॉकेल हे दोन्ही त्याच्यासाठी विष आहेत.

तोंडाचा एखादा काळा तुकडा कातडीत राहिला, तर तो सुईने उकरून काढण्याचा अट्टहास करू नये. शरीर तो काही दिवसांत आपोआप बाहेर टाकते. उकरल्याने होणारी जखम त्याहून त्रासदायक असते.

काढलेला गोचीड बोटांनी किंवा चपलेने चिरडू नये. झाकणाच्या लहान बाटलीत थोडे स्पिरिट किंवा हाताला लावण्याचे सॅनिटायझर घेऊन त्यात तो बुडवावा, बाटलीवर तारीख लिहावी आणि महिनाभर ती ठेवून द्यावी. मांजर आजारी पडल्यास गोचिडाची जात ओळखण्यासाठी पशुवैद्यकाला तिचा उपयोग होतो. एक गोचीड सापडला की शोध तेथेच थांबवू नये. कानांच्या आतील घड्या, काखा, जांघा, शेपटीचे मूळ आणि बोटांमधील जागा तपासाव्यात.

जखमेला काय लावावे

चाव्याची जागा कोमट मिठाच्या पाण्याने किंवा फिकट चहाच्या रंगाइतके पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने पुसावी, एवढे पुरे. पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होणारे जे जंतुनाशक भारतात घरोघरी असते, ते मांजराला लावू नये. त्यातील क्लोरोझायलेनॉल हा फिनॉलच्या कुळातील पदार्थ आहे आणि फिनॉलवर्गीय पदार्थ पचवून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार थोडी असते. लादी पुसण्याच्या फिनाईललाही हेच लागू पडते. कापूर, निलगिरीचे तेल आणि टी ट्री तेल हे ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाणारे पदार्थही याच कारणासाठी वर्ज्य आहेत. मांजर जखम सतत चाटत असल्यास गळ्याभोवती शंकूच्या आकाराची पट्टी बांधता येते, परंतु साध्या चाव्यासाठी तिची गरज क्वचितच भासते.

गोचीड निघाल्यावर त्या जागी डाळीएवढी कडक गाठ उठते. ती लाळेविरुद्धची शरीराची प्रतिक्रिया असते आणि विरायला दोन-तीन आठवडेही लागतात. गाठ वाढत गेली, गरम लागली, तिच्यातून पू आला किंवा भोवतालचे केस झडू लागले, तरच काळजीचे कारण असते.

कुत्र्याचे औषध मांजराला का चालत नाही

गोचीड आणि पिसवा यांच्यावर कुत्र्यांसाठी जी औषधे मानेवर थेंबांच्या रूपात सोडली जातात, त्यांपैकी अनेकांत पर्मेथ्रिन हे द्रव्य असते. शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळणाऱ्या पायरेथ्रम या कीटकनाशकाच्या धर्तीवर ते प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. माणूस आणि कुत्रा यांचे यकृत या द्रव्याचे झपाट्याने विघटन करून ते शरीराबाहेर टाकते. मांजराच्या यकृतात मात्र अशा द्रव्यांना निष्प्रभ करणाऱ्या एका रासायनिक प्रक्रियेची यंत्रणा अतिशय दुबळी असते. मार्जारकुळातील प्राणी पूर्णतः मांसाहारी असल्याने वनस्पतींमधील विषारी द्रव्ये पचवण्याची त्यांना पिढ्यान्‌पिढ्या गरज पडली नाही आणि त्यासाठी लागणाऱ्या विकराचे जनुक कालांतराने निकामी झाले, असे त्याचे स्पष्टीकरण शास्त्रज्ञ देतात. वाघ-सिंहांचीही स्थिती हीच आहे.

परिणामी कुत्र्याला निर्धोक असलेली मात्रा मांजराच्या मज्जासंस्थेवर आघात करते. प्रथम कान आणि चेहऱ्याचे स्नायू फडफडू लागतात, लाळ गळते, मांजर अडखळत चालते; नंतर सर्वांग थरथरते आणि झटके सुरू होतात. ही लक्षणे बहुधा काही तासांत दिसतात, पण काही वेळा दोन-तीन दिवसांनीही उद्‌भवतात. कुत्र्याच्या औषधाची छोटी नळी घेऊन ‘मांजर लहान आहे म्हणून अर्धीच वापरली’ असे सांगणारे पुष्कळ असतात. अर्ध्या नळीतही मांजराचा जीव धोक्यात येईल इतके द्रव्य असू शकते. तसेच, औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणाऱ्या किंवा त्याचे अंग चाटणाऱ्या मांजरालाही विषबाधा होते. म्हणून ज्या घरात दोन्ही प्राणी आहेत, तेथे कुत्र्यासाठीही पर्मेथ्रिनरहित औषध निवडणे श्रेयस्कर ठरते.

ग्रामीण भागात धोक्याचे रूप थोडे वेगळे आहे. तेथे गुरांच्या गोचिडांसाठी आणलेली डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ यांची तीव्र द्रावणे गोठ्यात असतात आणि त्यांचेच चार थेंब पाण्यात मिसळून मांजराला आंघोळ घातली जाते. पहिली दोन द्रव्ये पर्मेथ्रिनच्याच घराण्यातील आहेत. अमिट्राझमुळे मांजर गळून जाते, त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि अंग गार पडते. फवारणी झालेल्या गोठ्यात उंदरांच्या मागावर फिरणारे मांजर हेच द्रव्य पंजांवरून चाटते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. गुरांना टोचावयाचे आयव्हरमेक्टिन अंदाजाने मांजराला देण्याची प्रथाही अशीच अनर्थकारक आहे.

चुकून असे औषध लागलेच, तर मांजर शुद्धीत आणि स्थिर असताना भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे थोडे थेंब घेऊन कोमट पाण्याने ती जागा धुवावी. पाणी कढत नसावे, कारण उष्णतेने कातडीतून औषध अधिक शोषले जाते. गारही नसावे, कारण शरीर थंडावल्यास थरथर वाढते. नंतर टॉवेलने कोरडे करून उबदार ठेवावे. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे आणि औषधाचे वेष्टन सोबत न्यावे. उलटी करवणे, दूध किंवा तूप पाजणे यांनी काहीही साधत नाही, उलट अन्नद्रव श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. या विषावर थेट उतारा उपलब्ध नाही. तथापि स्नायूंची थरथर थांबवणारी औषधे आणि शिरेतून द्रव देऊन बहुतेक मांजरे दोन-तीन दिवसांत सावरतात. अट एकच, ती वेळेत पोहोचली पाहिजेत.

याच ओघात तापाच्या गोळीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. गोचीड चावल्यानंतर मांजराचे अंग गरम लागते, म्हणून घरातील पॅरासिटामॉल देण्याचा मोह होतो. हे औषध मांजराच्या रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते. हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी चार किलो वजनाच्या मांजराचा जीव घेण्यास पुरेशी असते. मांजरासाठी पॅरासिटामॉलची सुरक्षित मात्रा नाही.

पुढील तीन-चार आठवडे

गोचीड काढला, जखम पुसली आणि मांजर पूर्ववत खेळू लागले, की प्रकरण संपले असे वाटते. बहुतेक वेळा ते खरोखरच संपलेले असते. परंतु गोचिडाने दिलेला आजार, दिलाच तर, आठवडा-दोन आठवड्यांनी डोके वर काढतो आणि तोवर चाव्याची आठवण पुसट झालेली असते. त्यात मांजराचा स्वभाव दुखणे लपवण्याचा. कुत्रा कण्हतो, मालकाजवळ येतो. मांजर पलंगाखाली किंवा कपाटावर जाऊन बसते. म्हणून दिनदर्शिकेवर तारीख टिपून तेथून तीन-चार आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावे.

लक्ष ठेवणे म्हणजे दर तासाला त्याला उचलून तपासणे नव्हे. नेहमीच्या वेळी ते ताटलीपाशी येते का, त्याची वाळूची पेटी रोजच्याइतकी भिजते का, ठरलेल्या उंचीवर ते उडी मारते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. नाकाला हात लावून ताप ठरवण्याची पद्धत निरुपयोगी आहे. निरोगी मांजराचेही नाक कधी कोरडे, कधी गरम असते. मांजराचे स्वाभाविक तापमानच शंभर ते साडेएकशेदोन अंश फॅरनहाईटच्या दरम्यान असते, त्यामुळे माणसाच्या हाताला ते नेहमीच गरम लागते. हिरड्यांचा रंग अधिक विश्वासार्ह आहे. ओठ हलकेच उचलून पाहिल्यास त्या गुलाबी दिसल्या पाहिजेत. पांढुरक्या किंवा पिवळसर दिसल्यास रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होत असण्याची शक्यता असते. झोपेत मिनिटाला तीसपेक्षा अधिक श्वास, गडद रंगाची लघवी, मागचे पाय लटपटणे, आवाज बदलणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे.

अन्न सोडण्याबाबत मांजराचा हिशेब निराळा आहे. कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तरी फारसे बिघडत नाही. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर शरीरातील चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ आजारापेक्षा हा नवा विकारच जिवावर उठतो. त्यामुळे पूर्ण एक दिवस अन्नाला तोंड न लावणे हे वैद्यकीय सल्ल्यासाठी पुरेसे कारण आहे.

चाव्याच्या दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे, असा आग्रह काही पाळणारे धरतात. शरीरात प्रतिपिंडे तयार होण्यास आणि जंतूंची संख्या तपासणीत दिसण्याइतकी वाढण्यास वेळ लागत असल्याने त्या तपासणीतून बहुधा काहीच निष्पन्न होत नाही. खबरदारी म्हणून प्रतिजैविके देण्याचीही सरसकट आवश्यकता नसते. लक्षणे दिसल्यावर मात्र रक्ताचा नमुना आणि आवश्यक तर पीसीआर चाचणी करून उपचार ठरवले जातात.

गोचिडातून येणाऱ्या जिवाणूजन्य आजारांवर डॉक्सिसायक्लिन हे औषध वारंवार दिले जाते. त्याची गोळी किंवा कॅप्सूल मांजराला कोरडी भरवली, तर ती अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण होतो आणि पुढे नलिका आकसते. गोळीनंतर सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजणे किंवा थोडे ओले अन्न देणे म्हणूनच अनिवार्य आहे. औषधाच्या चिठ्ठीवर ही सूचना असेलच असे नाही.

देश बदलला की धोका बदलतो

भारतीय शहरांत मांजराच्या अंगावर येणारा गोचीड बहुधा कुत्र्याचा तपकिरी गोचीड असतो. येथील अनुभव जसाच्या तसा परदेशात लागू करता येत नाही, हे नोकरी-शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या आणि तेथे मांजर पाळणाऱ्या भारतीयांनी लक्षात घ्यावे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे सिडनी आणि ब्रिस्बेनच्या परिसरातही, एका जातीच्या गोचिडाच्या लाळेत पक्षाघात घडवणारे विष असते. मांजराचे मागील पाय लुळे पडतात, आवाज बसतो, श्वास जड होतो. तेथे गोचीड काढल्यानंतरही लक्षणे वाढू शकतात आणि प्रतिविष टोचावे लागते. अमेरिकेच्या दक्षिण आणि मध्य भागांत रानमांजरांकडून गोचिडामार्फत घरच्या मांजरांत येणारा सायटॉक्सझूनोसिस हा आजार १९७६ मध्ये मिसुरी राज्यातून प्रथम नोंदवला गेला. चाव्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी अचानक तीव्र ताप येऊन त्यात अनेक मांजरे दगावतात. भारतात या आजाराची तशी व्याप्ती नाही.

पाळणाऱ्यांच्या स्वतःच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय उदाहरण जपानचे आहे. चीनमधील रुग्णांत सापडलेला आणि २०११ मध्ये ओळख पटलेला एसएफटीएस नावाचा विषाणू गोचिडामार्फत पसरतो. पश्चिम जपानमधील एका महिलेला आजारी भटक्या मांजराने चावा घेतल्यानंतर २०१६ मध्ये या आजाराने तिचा मृत्यू झाल्याचे तेथील आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये जाहीर केले. २०२५ मध्ये मिए प्रांतात, या विषाणूची लागण झालेल्या मांजरावर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाचाही मृत्यू झाला. पूर्व आशियातील हा विषाणू भारतातील मांजरांची समस्या नाही. तथापि गोचिडाने आजारी पडलेल्या मांजराला उघड्या हातांनी हाताळू नये, ही खबरदारी कोठेही उचित आहे.

भारतातही माणसाला गोचिडांपासून होणारे आजार आहेत आणि त्यांतील काही गंभीर आहेत. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये आढळलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात पोहोचला. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप २०११ मध्ये गुजरातमध्ये आढळला. तो गोचीड हाताने चिरडल्यानेही होऊ शकतो. हे दोन्ही आजार मांजरामुळे पसरतात असे नाही. घरातील तपकिरी गोचिडाशी निगडित आजार म्हणजे ‘इंडियन टिक टायफस’. ताप आणि अंगावर, विशेषतः तळहात-तळपायांवर, लाल पुरळ आल्यास डॉक्टरांना घरातील गोचिडांविषयी आवर्जून सांगावे. २०१८ मध्ये नागपूर परिसरात चर्चेत आलेल्या स्क्रब टायफसचे नाव अनेकदा यात गोवले जाते, पण तो गोचिडामुळे होत नाही. त्याचा प्रसार चिगर नावाच्या माइटच्या पिल्लांमुळे होतो.

गोचीड आला कोठून

घराबाहेर कधीच न जाणाऱ्या मांजराच्या अंगावर गोचीड सापडला, तर त्याचा अर्थ गोचीड घरातच आहेत असा होतो. तपकिरी गोचीड हा घराच्या चार भिंतींत आपले संपूर्ण जीवनचक्र पूर्ण करणारा जीव आहे. रक्त पिऊन झाले की मादी खाली उतरते, भिंतीची चीर, चौकटीमागची फट किंवा पलंगाचा सांधा गाठते आणि तेथे हजारांच्या संख्येने अंडी घालून मरते. जिन्यात झोपणारा भटका कुत्रा, शेजाऱ्याचा पाळीव कुत्रा किंवा घरात फिरवायला घेतलेले जुने फर्निचर यांपैकी कशाहीमुळे त्यांचा शिरकाव होतो. उत्तर भारतातील कडाक्याच्या थंडीत त्यांचा उपद्रव कमी होतो, पण मुंबई, चेन्नई किंवा कोलकात्यासारख्या शहरांत बारा महिने त्यांना पोषक हवा असते.

मांजराचे अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे, भेगा सिमेंटने किंवा लांबीने बुजवाव्यात आणि निर्वात झाडूने कोपरे साफ करून त्यातील कचरा बंद पिशवीत टाकावा. फवारणी करून घ्यावयाची झाल्यास तेथेही वर उल्लेखिलेल्या द्रव्यांचाच वापर होतो, हे विसरून चालणार नाही. फवारणी पूर्ण सुकून घर हवेशीर होईपर्यंत मांजराला दुसरीकडे ठेवावे. अंड्यांतून पुढे नवी पिल्ले निघत राहत असल्याने एका फवारणीने काम भागत नाही.

पशुवैद्यक शोधणे अजूनही अनेक ठिकाणी कठीण जाते. मुंबईत परळ, चेन्नईत वेपेरी, बंगळुरूत हेब्बाळ आणि बरेलीजवळ इज्जतनगर येथील पशुवैद्यक महाविद्यालये व संस्थांच्या रुग्णालयांत मांजरांवर उपचार होतात. लहान गावांतील शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांचा अनुभव प्रामुख्याने गुरांचा असतो. तेथे औषध घेताना ‘हे मांजरासाठी आहे’ असे स्पष्ट सांगावे आणि मांजराचे वजन करून न्यावे. वजन करण्याची सोपी युक्ती म्हणजे मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करायचे.

पुढे पुन्हा गोचीड होऊ नयेत म्हणून मांजरांसाठीच बनवलेली फिप्रोनिल किंवा फ्लुरालानरची थेंबांची औषधे वापरली जातात. ती वजनानुसार ठरतात आणि डोक्याच्या मागे, मानेच्या मुळाशी, केस बाजूला सारून कातडीवर सोडायची असतात, म्हणजे जीभ तेथवर पोहोचत नाही. घरात दोन मांजरे असल्यास औषध सुकेपर्यंत त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे, अन्यथा ती एकमेकांची मान चाटतात. आठ आठवड्यांहून लहान पिल्लांना यांतील बहुतेक औषधे चालत नाहीत. त्यांच्यासाठी बारीक दातांची फणी, चिमटा आणि रोजची तपासणी हाच उपाय आहे. एवढ्याशा जिवाच्या अंगावर चार-पाच गोचीड जरी असले, तरी रक्त कमी होऊन ते मलूल पडू शकते. अशा पिल्लाच्या हिरड्या फिकट दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये.